क्लच बदलताना: गिअरबॉक्स एकदाच उतरवा, आणि हलक्या फ्लायव्हीलचा निर्णय तेव्हाच घ्या

क्लचच्या कामात बहुतेक मेहनत गिअरबॉक्स उतरवण्यात आणि परत चढवण्यात जाते. प्रत्यक्ष प्लेट बदलायला अर्धा तासही लागत नाही. म्हणूनच या कामात काटकसर करायची जागा फार जपून निवडावी लागते. किरकोळ किमतीचं ऑइल सील वाचवलं आणि दोन महिन्यांनी त्यातून तेल झिरपलं, तर तोच गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो आणि नवी प्लेटही वाया जाते. फ्लायव्हीलचंही (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती, जिच्यावर क्लचची प्लेट दाबली जाते) तसंच आहे. ते फेस करायचं (म्हणजे मशिनवर पृष्ठभाग सपाट करायचा), बदलायचं की हलकं बसवायचं, हे गिअरबॉक्स खाली असतानाच ठरवायला हवं.

इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती पुढच्या चाकांवर चालणारी, आडव्या इंजिनाची, 1.0 ते 1.2 लिटरची पेट्रोल गाडी. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक यातच येतात. काम स्वतः करणार असाल तर हे पायरीपायरीने उपयोगी पडेल. गॅरेजमध्ये करून घेणार असाल तर कुठल्या क्षणी जवळ उभं राहून बघायचं, ते कळेल.

आधी खात्री करा

क्लच घसरतोय का हे बघायचं असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी 50 च्या आसपास, अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा झपकन वर गेला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. घाटात तिसऱ्या गिअरला हेच आणखी लवकर जाणवतं. ही चाचणी एकदाच करा. प्रत्येक वेळी घसरताना फ्लायव्हील तापतं आणि प्लेटवरचं उरलंसुरलं घर्षणाचं अस्तरही जळतं.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पेडलचा मोकळा खेळ बघा. केबलच्या गाडीत केबल ताणलेली राहिली, तर पाय उचललेला असतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगवर दाब देत राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. हाताने पेडल दाबून बघा. जोर लागायला सुरुवात होण्याआधी पेडल थोडं सैल हललं पाहिजे. बऱ्याच केबलच्या गाड्यांत हा खेळ 15 ते 25 मिमीच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात (सर्व्हिस मॅन्युअलमध्ये) मिळेल.

उलटा त्रास म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. इंजिन चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर आवाज आला तर प्लेट अजून फिरते आहे. इथे पहिला संशय केबलवर किंवा हायड्रॉलिक सिलिंडरवर घ्या, प्लेटवर नंतर. आवाजाचा नियम सोपा आहे. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय उचललेला असताना येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. दुसऱ्या प्रकारात नुसता क्लच बदलून आवाज जाणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. गाडी सुटताना थरथरत असेल तर इंजिनाची माउंटिंग्जही तपासा. फाटलेल्या माउंटिंगची थरथर हुबेहूब क्लचसारखी असते.

कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. दमट हवेने फ्लायव्हीलला गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबूनही गिअर पडत नाही. क्लच गेला असं समजून गिअरबॉक्स खोलण्याआधी इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि मग सोडवून बघा. बऱ्याचदा सुटते.

आणायचं काय

क्लच सेट म्हणजे प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. तिन्ही एकत्रच बदला. जुन्या प्रेशर प्लेटवर नवी प्लेट बसवणं म्हणजे झिजलेल्या जात्याला एकच नवी तळी लावण्यासारखं आहे. गाडीच्या कंपनीचा सेट मिळाला तर उत्तम. नाहीतर व्हॅलिओ, ल्युक किंवा एक्सेडी यांसारख्या, कार कंपन्यांनाच माल पुरवणाऱ्या कंपनीचा घ्या. एक्सेडीचा भारतातला एक कारखाना तर आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीतच आहे. नकली माल याच नावांनी सर्वात जास्त विकला जातो, त्यामुळे खोक्यावरच्या छपाईपेक्षा पक्क्या बिलावर विश्वास ठेवा.

सेटबरोबर हेही आणून ठेवा: क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) मागचं ऑइल सील, इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही अ‍ॅक्सलची सीलं, रिलीज फोर्कचे बुश, हबचे (अ‍ॅक्सल चाकाशी धरून ठेवणारे) नवे नट, गिअर ऑइल आणि ब्रेक क्लीनरचे दोन डबे. केबल जुनी असेल तर तीही. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत का, हे पुस्तकात बघा. ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायला सांगितलं असेल तर ते ताणले जाणारे बोल्ट आहेत. ते पुन्हा वापरू नका. गिअर ऑइल बहुतेक छोट्या गाड्यांत 2 ते 2.5 लिटर लागतं. पुस्तकात जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-5 'आणखी भारी' समजून ओतू नका. त्यातली रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगांच्या) पितळेला मारक ठरू शकतात.

उतरवणं

1. गाडी पक्क्या, सपाट फरशीवर घ्या. चाकं जमिनीवर असतानाच हबचे नट सैल करा. गाडी वर उचलल्यावर ते सुटत नाहीत. मग जॅकने उचलून चारही ठिकाणी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

2. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. मग बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचं खोकं काढा. जागा झाली की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

3. गिअर ऑइल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघा. तेल काढून झाल्यावर भरण्याचा बोल्ट घासून गोल झाला, तर गाडी तिथेच अडकून राहते.

4. रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीड सेन्सर, अर्थची तार, गिअरच्या केबल, स्टार्टर मोटर आणि क्लच केबल सोडवा. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर पेडलला कुणी पाय लावायचा नाही. पिस्टन बाहेर उडतो.

5. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून अ‍ॅक्सल काढा. शाफ्टला धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटून त्यातले रोलर बाहेर पडतात. गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच उचका.

6. इंजिनाला वरून आधार द्या. खालून द्यायचा असेल तर ऑइल संपखाली रुंद लाकडी फळी ठेवा, नुसता जॅक लावला तर संप चेपतो. मग गिअरबॉक्सची माउंटिंग्ज आणि बेल हाउसिंगचे (क्लचला झाकणाऱ्या कवचाचे) बोल्ट काढा.

हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खुपसून ठेवा. चुकीच्या जागी बसलेला लांब बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचं कवच तडकवतो. गिअरबॉक्सचं वजन साधारण 30 ते 40 किलो असतं. एकट्याने छातीवर घेऊन उतरवायची वस्तू नाही ही.

जुना क्लच वाचा

इथे घाई करू नका. बाहेर आलेली प्लेट गाडी कशी चालली ते सांगते.

आतली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्या.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एकेक अर्धा आटा सोडवा. एकदम एकच बोल्ट सोडला तर कव्हर वाकतं. प्लेटवर रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पातळीपासून किती खोल आहे ते व्हर्नियरने मोजा. नव्या प्लेटवर ही खोली साधारण 1 मिमीच्या वर असते, 0.3 ते 0.5 मिमीवर आली की प्लेट संपली. रिव्हेट घासले गेले असतील तर फ्लायव्हीलवर गोल चर पडलेले दिसतील.

अस्तर काळं, चकचकीत आणि तेलकट असेल तर तेल कुठलं ते शोधा. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला जळका. पहिला वास म्हणजे इनपुट शाफ्टचं सील, दुसरा म्हणजे क्रँकचं मागचं सील. तेलाचा माग न काढता नवी प्लेट बसवू नका.

अस्तर सारखं झिजलं असेल पण फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर हाफ क्लचचा प्रताप आहे. घाटात ट्रॅफिक थांबल्यावर हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी धरून ठेवली की हेच होतं. डायफ्रॅम स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोकं बघा. एका बाजूला जास्त झिजली असतील तर फोर्क किंवा बेअरिंगची नळी वाकडी बसत होती.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग

या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. पृष्ठभागावर नख फिरवा. नख अडकेल असा चर, केसासारख्या तडा, किंवा निळे-काळे ठिपके दिसले तर फ्लायव्हील तसंच परत बसवू नका.

ते निळे ठिपके म्हणजे नुसता रंग नाही. बिडाचा (कास्ट आयर्नचा) तेवढा भाग अतिशय तापून एकदम थंड झाल्याने पोलादासारखा कडक झालेला असतो. लेथवर फेसिंग करताना टूल या कडक ठिपक्यांवरून किंचित उडी मारतं आणि ते उंचवटे म्हणून राहतात. मग नवा क्लच पहिल्याच आठवड्यात थरथरायला लागतो आणि दोष प्लेटवर जातो. म्हणून फेसिंग शक्य तर लेथवर नको, ग्राइंडिंग मशिनवर करून घ्या. जेमतेम स्वच्छ होईल इतकंच काढायचं, साधारण 0.2 ते 0.5 मिमी. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्रेशर प्लेट बसते ती कडा आणि प्लेट घासते तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर दोन्हीवरून सारखंच काढायला हवं. नाहीतर क्लचचा दाबच बदलतो. खोलवर तडा गेलेली असेल तर फेसिंग नको, नवं घ्या. डिझेल गाड्यांतली दोन भागांची, आत स्प्रिंग असलेली ड्युअल मास फ्लायव्हील सहसा फेस करत नाहीत. त्यांचा खेळ मर्यादेबाहेर गेला की ती बदलावीच लागतात.

काढताना क्रँकवरची जागा खुणेने नोंदवा आणि रिंग गिअरच्या (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याच्या) दात्यांत लॉक लावूनच बोल्ट सोडवा. आता मागचं सील समोर आहे, ते बदला. रबरी ओठाच्या सीलला थोडं तेल लावतात. पांढरट, कडक टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडंच, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बाहीवरून बसवायचं असतं. त्याला तेल लावलं तर ते नीट बसत नाही आणि गळतं. फ्लायव्हील परत लावल्यावर डायल गेजने डगमग मोजा. 0.2 मिमीपेक्षा जास्त असेल तर क्रँकच्या तोंडावर कचरा राहिला आहे का ते आधी बघा.

हलकं फ्लायव्हील घ्यावं का?

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. स्थिर आरपीएमवर मोजलेली अश्वशक्ती तीच राहते. बदलतं ते इतकंच की इंजिनाला स्वतःचा वेग वाढवायला कमी ताकद खर्च करावी लागते, आणि वाचलेली ताकद चाकाकडे जाते.

किती, ते आकड्यांत बघू. समजा 7 किलोच्या फ्लायव्हीलचं वजन 4 किलो केलं आणि ते 3 किलो केंद्रापासून सरासरी 11 सेंमीवरून काढलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनापासून चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर 15.4 आणि टायरची त्रिज्या 28.5 सेंमी धरली, तर वेग घेताना हा बदल गाडीतून सुमारे 105 किलो उतरवल्यासारखा जाणवतो. दुसऱ्या गिअरमध्ये तोच फायदा 31 किलोवर येतो, तिसऱ्यात 14, पाचव्यात फक्त 5. कारण परिणाम गुणोत्तराच्या वर्गाने घटतो. म्हणजे ऑटोक्रॉससारख्या पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या शर्यतीत फरक खरा आहे, आणि एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना जवळपास शून्य. वजन कुठून काढलं हे किती काढलं यापेक्षा महत्त्वाचं: कडेजवळचा एक किलो केंद्राजवळच्या एका किलोच्या कितीतरी पट भारी पडतो.

आता दुसरी बाजू. तेच 7 किलोचं फ्लायव्हील 13 सेंमी त्रिज्येची सारखी चकती धरलं, तर 1500 आरपीएमला त्यात सुमारे 730 ज्यूल ऊर्जा साठलेली असते. माणसांसकट 1200 किलोच्या गाडीला ताशी 4 किमी वेग द्यायला लागते तेवढी. हलकं केल्यावर उरतात 280. गाडी जागेवरून सुटताना इंजिन बंद पडू नये म्हणून हाच साठा कामी येतो. तो निम्म्याहून कमी झाला की चढावर, एसी चालू असताना, चौघांना घेऊन सुटायला जास्त आरपीएम आणि जास्त हाफ क्लच लागतो. म्हणजे ज्या क्लचसाठी एवढं काम काढलं, तोच लवकर झिजतो.

शिवाय आयडलिंग खडबडीत होतं, न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात हे सगळं जास्त होतं, कारण दोन स्फोटांमधलं अंतर फ्लायव्हीलनेच भरून काढायचं असतं. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) क्रँकच्या वेगातले बारीक चढउतार बघून मिसफायर (सिलिंडरमधला चुकलेला स्फोट) ओळखतो. हलक्या फ्लायव्हीलने ते चढउतार वाढतात आणि काहीही बिघाड नसताना इंजिनाचा दिवा लागू शकतो.

म्हणून रोज पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आणि महिन्यातून एकदा घाटात जाणाऱ्या गाडीला कंपनीचंच फ्लायव्हील, नीट ग्राइंड केलेलं, हेच उत्तर. थोडी चपळाई हवी असेल तर वजन कमी करताना 10 ते 20 टक्क्यांच्या आत थांबा. ट्रॅक किंवा रॅलीसाठीच वेगळी गाडी असेल तर खुशाल जा, पण पुढच्या अटींवर.

मूळ बिडाचं फ्लायव्हील स्थानिक लेथवर कोरून किंवा भोकं पाडून हलकं करू नका. बीड दाबाला चिवट असतं, पण ओढीला कमजोर. 6000 आरपीएमला कडेवर सगळी ओढच असते, आणि कोरलेल्या खाचेतून तडा सुरू होतो. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेल हाउसिंग फोडून थेट चालकाच्या पायांकडे येऊ शकतात. घ्यायचंच तर अखंड पोलादातून कोरलेलं, एसएफआय 1.1 या शर्यतीच्या सुरक्षा-मानकाचं प्रमाणपत्र असलेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर घासणारा भाग पोलादी हवा. रिंग गिअरचे दाते, क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरून वाचत असेल तर त्याचे दाते, डॉवेलची (जागा नेमकी ठरवणाऱ्या पिनांची) जागा आणि पायरीची उंची जुन्याशी ताडून बघा. प्रेशर प्लेट लावूनच बॅलन्सिंग करून घ्या.

बसवणं

नव्या पृष्ठभागांना गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. ब्रेक क्लीनरने पुसा आणि नंतर हात लावू नका. फडकं पांढरं राहीपर्यंत पुसत राहा.

नवी प्लेट आधी नुसतीच इनपुट शाफ्टवर सरकवून बघा. सहज सरकली पाहिजे, डुगडुगली नाही पाहिजे. चुकीच्या मॉडेलचा सेट असेल तर तो इथेच कळतो. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) उष्णता सोसणारं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं लावा, प्लेट दोनदा पुढे-मागे करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं. रिलीज बेअरिंगची बाही प्लॅस्टिकची असेल तर तिला ग्रीस नको.

प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर स्प्रिंगचा फुगीर भाग बहुधा गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसवली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना टेकतो आणि क्लच सुटतच नाही. अलाइनमेंटचं डमी शाफ्ट घालून प्रेशर प्लेट ठेवा, बोल्ट हाताने लावा आणि समोरासमोर तीन फेऱ्यांत आवळा. एम8 च्या बोल्टना साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा पुस्तकातला घ्या. आवळून झाल्यावर डमी शाफ्ट हलक्या हाताने आत-बाहेर झालं पाहिजे. स्वतः झीज भरून काढणारी प्रेशर प्लेट असेल तर तिला बसवायचं खास हत्यार लागतं. नुसत्या बोल्टने ओढली तर तिचं समायोजन आधीच खर्ची पडतं.

गिअरबॉक्स चढवताना दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा. शेवटचे 10 मिमी अडकले तर गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून त्याची अ‍ॅक्सल बसतो ती फिरणारी बाजू थोडी फिरवा, म्हणजे स्प्लाइन जुळतील. तोंडाला तोंड हाताने लागलं पाहिजे. बोल्ट आवळून फट मिटवायची नाही. तसं केलं की प्लेटचा हब वाकतो किंवा कवच तडकतं. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळतही ठेवू नका.

अ‍ॅक्सल आत जाताना सीलच्या ओठाला खरचटू देऊ नका, आणि लॉकची टिचकी ऐकू येईपर्यंत दाबा. हबचा नट चाक जमिनीवर टेकल्यावर पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या पातळीपर्यंत भरा. हायड्रॉलिक असेल तर हवा काढा, केबल असेल तर खेळ लावा.

पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग चाकं उचललेली असताना चालू करून पहिला आणि रिव्हर्स. रिव्हर्स करकरला तर क्रम असा ठेवा: हवा राहिली का, केबलचा खेळ जास्त आहे का, आणि सगळ्यात शेवटी प्लेट उलटी किंवा हब वाकलेला आहे का. घसरत असेल तर खेळ शून्य आहे किंवा अस्तराला ग्रीस लागलं आहे.

पहिले 500 किमी शहरात साधं चालवा. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना पूर्ण टेकायला तेवढा वेळ लागतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत किंचित वास आला तर घाबरू नका. पण या काळात भरलेली गाडी घाटात नेऊ नका, दुसरी गाडी ओढू नका आणि जोरात झटका देऊन सुटू नका. 500 किमी झाले की केबलचा खेळ पुन्हा एकदा मोजा आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकाशी तेलाचा ओलावा आहे का, ते बोट लावून बघा.